सालोमीचे बिनगॅसचे एकवीस दिवस

"एकवीस दिवस तू गॅसला हात लावायचा नाहीस!" असं फेबियन सर भर मांडवात बोलून गेले, आणि मग आपण नक्की काय बोललो ते आठवत दोन मिनिटं उभेच राहिले.

प्रसंग त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा होता. शंभर-सव्वाशे माणसं जेवत होती. ज्या बाईला हा शब्द दिला गेला ती सालोमी मात्र मांडवात नव्हती. ती मागच्या पडवीत वडे तळत होती. स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाचे वडे! कोणीतरी धावत जाऊन तिला सांगितलं, की सर तुला मे महिन्यात तीन देश फिरवून आणणार आणि तिथं तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही. सालोमीने झारा खाली न ठेवता विचारलं, "मग चहा कोण करणार?"

प्रश्न रास्त होता. सरांचं, म्हणजे तुस्कानोंचं, घर आगाशी आणि अर्नाळ्याच्या मधल्या एका गावात, बरोबर चर्चच्या वाटेवर. (गावाचं नाव सांगत नाही. गावातले लोक वाचतात.) चर्चच्या वाटेवर घर असणं भाग्याचं, असं ज्यांचं घर तिथं नसतं त्यांना वाटतं. रविवारची मिस्सा सुटली की अर्धी आळी तुस्कानोंच्या ओटीवर टेकायची, आणि टेकलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. लग्न होऊन आली त्या पहिल्याच रविवारी सालोमीने चोवीस कप चहा केला होता. तो रविवार काही अजून संपला नव्हता.

फेबियन सर भूगोलाचे मास्तर. सत्तावीस वर्षं त्यांनी मुलांकडून मलेशियातलं रबर आणि थायलंडमधला तांदूळ पाठ करून घेतला होता. पण स्वतःच्या स्वयंपाकघराचा भूगोल त्यांना ठाऊक नव्हता. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो विचाराल तर ते "उत्तरेकडे असेल" म्हणाले असते. असा हा माणूस एकदा शाळेची सहल घेऊन वसईच्या किल्ल्यात गेला, आणि तिथं त्याला साठीच्या पुढचं एक गोरं जोडपं भेटलं. पाठीवर दोन थैल्या, बस्स. सहा महिने असेच फिरताहेत, कुठं जायचं ते सकाळी ठरवतात. म्हातारी भिंतीला टेकून आरामात केळं खात होती आणि म्हातारा तिला किल्ल्याची माहिती वाचून दाखवत होता. सरांच्या मनात ते चित्र रुतून बसलं आणि वाढदिवसाच्या मांडवात, दोन ग्लासांनंतर, तोंडातून बाहेर पडलं.

त्यांना पहिला हसला तो बेसिल. बेसिल हा सालोमीचा थोरला भाऊ आणि गावातला परदेशाचा अधिकृत माणूस. तो टूर कंपनीबरोबर दोनदा युरोपला जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा कंपनीचा आचारी बरोबर होता.

"तू? पाठीवर दप्तर लावून?" बेसिल म्हणाला. "आणि हिला चुलीशिवाय ठेवणार? अरे, तिसऱ्या दिवशी तूच हिच्यापुढे ताट घेऊन बसशील. कालवण दे म्हणशील."

"नाही बसणार."

"बसशील रे. मी तुला आज ओळखतो का?"

"बेसिल, मी शब्द दिलाय," सर म्हणाले. शंभर-सव्वाशे माणसं ऐकत होती, त्यामुळे शब्द परत घेण्याची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून प्रकरण वाढत गेलं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले. सालोमीने चहा दिला. हवालदारांनी विचारलं, "मुलगा असतो का तिकडे?" नाही. "कंपनी पाठवतेय?" नाही. "कोणी आजारी?" नाही. "मग जाताय कशाला?" "फिरायला," सर म्हणाले. हवालदारांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. तीन देश, हॉटेल ठरलेलं नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि माणूस सरकारमान्य शाळेतला मास्तर. त्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटायला लागलं. सालोमीने दुसरा चहा दिला तेव्हा कुठे त्यांनी 'चालचलन ठीक' असं लिहिलं. चालचलन कोणाचं ते माहीत नाही, पण लिहिताना ते कपाकडे बघत होते एवढं खरं.

व्हिसाचं काम मनवेलपाड्याच्या सुमेधकडे दिलं. सुमेध सरांचा जुना विद्यार्थी. भूगोलात दोनदा नापास झालेला आणि आता लोकांना जगभर पाठवणारा. तो म्हणाला, "सर, फॉर्मवर राहण्याचा पत्ता लागतो." सर म्हणाले, "लिही, जिथं संध्याकाळ होईल तिथं." सुमेधने पेन खाली ठेवलं. "सर, असं तर आमच्या गोठ्यातली म्हैसपण लिहीत नाही." शेवटी त्याने तिन्ही देशांत हॉटेलं ठरवली, व्हिसे हातात पडल्यावर ती रद्द केली, आणि आपल्या गुरूसाठी असं करावं लागतंय याचं फार वाईट वाटल्याचं सांगितलं.

मग थैल्या आल्या. एक हिरवी, एक लाल. सरांनी हिरवी पाठीला लावून आळीतून एक चक्कर मारली, सवय व्हावी म्हणून. पहिल्याच वळणावर मटिल्डा मावशींनी खिडकीतून हाक मारली, "पाववाला! चार ब्रून दे रे!" सरांनी वळून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "अरे देवा, सर तुम्ही!" आणि खिडकी लावून घेतली. आतून हसण्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता. सत्तावीस वर्षांची मास्तरकी त्या एका चकरेत गेली असं सरांना वाटलं, आणि ते परतताना मागच्या वाडीतून, केळींच्या आडोशाने आले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण निघण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, फादरांनी वेदीवरून जाहीर केलं की आपल्या धर्मग्रामातलं एक जोडपं दूरच्या प्रवासाला निघालंय, त्यांच्यासाठी प्रार्थना करूया. झालं! आमच्या लोकांच्या लेखी चर्चमध्ये जाहीर झालेला प्रवास म्हणजे यात्रा. आणि यात्रेला निघालेल्या माणसाकडे आपल्या नावाची मेणबत्ती द्यायची, ही रीत. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस मेणबत्त्या जमल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. सर परोपरीने सांगत होते, "अहो, थायलंडात बुद्धाची देवळं आहेत!" लोक म्हणत, "मग एखाद्या चर्चमध्ये लावा. तीन देशांत एक तरी असेलच."

त्यात सुकेळी आली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, गडद तपकिरी, चिकट, केळीच्या सोपटात बांधलेली आमच्याकडची मिठाई. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, असं सालोमीच्या आईने तिला शिकवलं होतं. मग ते दार गेस्टहाऊसचं का असेना. तिने सुकेळ्यांच्या दहा जुड्या घेतल्या. "केळ्यांच्या देशात केळी?" सर म्हणाले. "आपली वेगळी," सालोमी म्हणाली, आणि विषय संपला.

विमानतळावर निरोप द्यायला बेसिल आला होता. त्याने सरांच्या थैलीत एक बाटली कोंबली. घरचा मसाला, ठासून भरलेला, वर बूच आणि बुचावर लाखेचा शिक्का. "तिसऱ्या दिवशी लागेल," तो म्हणाला. "फोडलीस तर मला फोन कर."

सरांनी त्याच क्षणी ठरवलं, की जीव गेला तरी हा शिक्का फोडायचा नाही.

बँकॉकमध्ये पहिल्या सकाळी साडेचारला सालोमी उठून बसली. दूध यायचं नव्हतं, पाणी भरायचं नव्हतं. तिने सरांचे दोन शर्ट घडी केले, उलगडले, पुन्हा घडी केले. सर जागे झाले तेव्हा ती खिडकीशी रडत होती. सर धडपडत उठले.

"काय झालं? दुखतंय काही?"

"नाही ओ. हातांना काही सुचत नाहीये," सालोमी म्हणाली.

तिने हे आमच्या घरच्या बोलीत सांगितलं. ती बोली विरारच्या पुढे कोणाला कळत नाही आणि इथं छापली तर तुम्हालाही कळणार नाही, म्हणून मी ती सरळ करून लिहितोय. त्या बोलीचा परदेशात फार उपयोग झाला. चौथ्या दिवसापासून सालोमी बसमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर त्याच्या टोपीची, त्याच्या बायकोच्या केसांची आणि एकूण नशिबाची मनसोक्त चर्चा करू लागली. पाचव्या दिवशी ती साडेसहाला उठली. सहाव्या दिवशी आठला. सातव्या दिवशी डोळे न उघडता म्हणाली, "सर, खाली जाऊन चहा सांगा." सर पायजम्यावरच धावले.

सरांचे स्वतःचे हाल मात्र कुत्रा खाईना. तिथल्या लोकांचं जेवण वाईट नव्हतं. पण माशात साखर घातलेली बघून सरांचा जीव कासावीस व्हायचा. ते नुसता भात आणि केळं खात, आणि केळं खाताना प्रत्येक वेळी "आपली वेगळी" असं पुटपुटत. पट्टा दोन भोकं आत गेला. थैलीतली बाटली त्यांना दिवसातून चार वेळा आठवायची.

मग आली मलेशियाची हद्द. दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये सगळ्यांच्या थैल्या मागच्या कप्प्यात, इंजिनाच्या डोक्यावर टाकल्या होत्या. चौदा तास. वर मे महिन्याचं ऊन. हद्दीवर उतरले तर भिंतीवर मोठा फलक: अमली पदार्थ आणाल तर फाशी. त्या फलकाखाली कस्टमच्या अधिकाऱ्याने सालोमीची लाल थैली उघडली.

आत एकच वस्तू होती. त्रेचाळीस मेणबत्त्या वितळून दहा जुड्या सुकेळ्यांभोवती घट्ट बसल्या होत्या. पांढऱ्या मेणाचा एक मोठा गोळा, त्यात तपकिरी चिकट कांड्या, सोपटाचे बंध, आणि चहूकडून बाहेर आलेल्या वाती. अधिकाऱ्याने गोळ्याकडे पाहिलं. मग वातींकडे पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने शिट्टी वाजवली.

पाच जण आले. सरांची थैली उघडली, तर त्यात लाखेचा शिक्का मारलेली लाल भुकटीची बाटली! सरांचं इंग्रजी एकदम पळून गेलं. "बनाना," ते म्हणाले. "चर्च. बनाना फॉर... नो, कँडल फॉर चर्च. बनाना फॉर हॉटेल." अधिकाऱ्याने विचारलं, "आणि ही बाटली?" सर म्हणाले, "ही माझ्या मेहुण्याची आहे." फलकाखाली उभं राहून बोलण्यासारखं हे वाक्य नव्हतं, हे त्यांना बोलल्यावर कळलं.

ती बाटली फोडायला एकाने सुरी काढली. आणि आजवर चढ्या आवाजात न बोललेले फेबियन सर ओरडले, "नको! शिक्का फोडायचा नाही!"

आता तर सगळ्यांनीच हात कमरेच्या पट्ट्याकडे नेले. तेव्हा सालोमी पुढे झाली. तिने त्या गोळ्यातून नखाने एक सुकेळं खरवडून काढलं, मेण झटकलं, आणि सगळ्यांदेखत खाल्लं. मग दुसरं काढून त्या अधिकाऱ्यापुढे धरलं, रविवारी ओटीवर एखाद्या लाजऱ्या पाहुण्यापुढे धरावं तसं. "घ्या. आपलंच आहे." चक्क मराठीत.

का कोण जाणे, पण त्याने घेतलं. वास घेतला. टोक चावलं. आणि त्याचा चेहरा पालटला. "पिसांग!" तो म्हणाला, म्हणजे केळं. त्यांच्याकडेही केळं असंच वाळवतात, त्याची आई वाळवते, आणि गेल्या वर्षापासून तिचे डोळे अधू झाल्यामुळे तिने ते बंद केलंय, एवढं सगळं त्याने पाच मिनिटांत, अर्धं मलयमध्ये आणि अर्धं इंग्रजीत, सांगितलं. सालोमीला मलय येत नव्हती, पण तिने प्रत्येक ठिकाणी बरोबर मान हलवली. बाटली यंत्रातून पाहिली, कुत्र्याकडून हुंगवली. कुत्रा सात वेळा शिंकला आणि बाटली सुटली. निघताना अधिकारी सालोमीला म्हणाला, आईसाठी एक मेणबत्ती लावाल का?

चव्वेचाळीस झाल्या.

अकराव्या दिवशी, पेनांगच्या गेस्टहाऊसमध्ये, सरांची खरी परीक्षा झाली. मालकीणबाईंनी बाजारातून ताजे बांगडे आणले होते. वर म्हणाल्या, स्वयंपाकघर मोकळं आहे, हवं ते करून खा. सर त्या बांगड्यांकडे असे बघत राहिले, की सालोमीला त्यांची दया आली.

"टाकू का कालवण?" ती हळूच म्हणाली. "बेसिलला कोण सांगायला जातंय? बाटली आहेच."

सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ते म्हणाले, "नको."

"अहो, किती वाळलात! मला काही वाटणार नाही."

"मला वाटेल ना," सर म्हणाले, आणि भात-केळं खायला बसले. त्या रागावर त्यांनी त्या दिवशी पाच केळी खाल्ली.

मलाक्कात पोहोचले तेव्हा कुठे मनासारखं चर्च मिळालं. जुनं, जाड भिंतींचं. बाहेर टेकडीवर पोर्तुगीजांचं पडकं चर्च आणि तटाचा दरवाजा. "हे बघायला एवढ्या लांब आलो? वसईचा किल्ला रिक्षाने बघितला असता," सालोमी म्हणाली. पण आवाजात खुशी होती. आत गेल्यावर तिने तो गोळा मेणबत्त्यांच्या कठड्यावर ठेवला. चिठ्ठ्या कधीच्या मेणात बुडाल्या होत्या.

"आता कोणाची कुठली ते कसं कळणार?" सर म्हणाले.

"मला माहीत आहे," सालोमी म्हणाली. तिने काडी ओढली.

"अगं, पेटवतेस?"

"गॅसला हात लावायचा नाही म्हणालात. मेणबत्तीचं काही बोलला नव्हतात."

एकेक वात पेटवत तिने एकेक नाव घेतलं. मटिल्डा मावशींच्या गुडघ्यांसाठी. नथूच्या होडीच्या इंजिनासाठी. ग्लेनला नोकरी लागावी म्हणून. जेम्सची दारू सुटावी म्हणून, आणि जेम्सच्या बायकोसाठी वेगळी, कारण तिने नवऱ्याच्या नकळत दिली होती. बेसिलच्या साखरेसाठी, होय, बेसिलनेही एक दिली होती. कस्टमवाल्याच्या आईच्या डोळ्यांसाठी, चर्चच्या दारात विकत घेतलेली. चव्वेचाळीस माणसं, चव्वेचाळीस नडी, एकही चुकली नाही. पंचवीस वर्षं तिने त्या चहाबरोबर ऐकल्या होत्या. गोळा धडधडून पेटला, सुकेळी तापली, आणि सगळ्या चर्चमध्ये केळं भाजल्याचा गोड वास सुटला. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या वळून वळून बघू लागल्या.

त्याच ओटीवर सरही पंचवीस वर्षं बसले होते, पण यातलं त्यांना निम्मंही ठाऊक नव्हतं. ते पेपर वाचत असत.

"आणि तुझ्यासाठी कुठली?" त्यांनी विचारलं.

सालोमी हसली. "माझ्यासाठी कोण देणार? सगळे आपापली देतात." ती सहज म्हणाली, तक्रार अशी नव्हतीच. पण सरांना ते फार लागलं. त्यांना लाज वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी, आणि ती सिंगापूरभर पुरली.

बावीस मे, रविवार. पहाटे विमान उतरलं आणि साडेनऊला रिक्षा गावात शिरली. सरांनी तारखा बघताना सगळं बघितलं होतं, एवढं मात्र बघितलं नव्हतं, की ही मिस्सा सुटायची वेळ. रिक्षा दारात थांबली आणि समोरून अख्खा गाव चालत आला. थैल्या खाली ठेवायच्या आत ओटी भरली. कोणी पायरीवर, कोणी कठड्यावर. बेसिल सरांच्या आरामखुर्चीत.

"काय, कितव्या दिवशी फोडली?" बेसिलने विचारलं.

सरांनी थैलीतून बाटली काढून त्याच्या मांडीवर ठेवली. शिक्का शाबूत होता. बेसिलने तो नखाने तपासला, उजेडात धरून तपासला, आणि बाटली खाली ठेवली. "बरं, ऐकू तरी दे सगळं," तो म्हणाला. "सालोमी, चहा टाक आधी."

सालोमी उठलीसुद्धा. पंचवीस वर्षांची सवय ती. पदर खोचला, आत गेली, लायटर उचलला.

"थांब," सर म्हणाले. ते तिच्या मागोमाग आत आले होते. "आज कितवा दिवस?"

तिने बोटांवर मोजलं. "एकविसावा. पण अहो, आता आपण घरी..."

"मी एकवीस म्हणालो होतो. वीस नाही." सरांनी तिच्या हातातून लायटर घेतला. "बाहेर जा. बस."

सालोमी बाहेर आली. बेसिल कधी नव्हे तो खुर्चीतून उठला आणि ती त्याच्या जागी, अगदी कडेवर, बसली. आतून लायटरचे आवाज येऊ लागले. नऊ वेळा खट्‌ खट्‌. मग भांडं पडलं. मग सरांचा आवाज: "साखर कुठे आहे?"

"वरच्या फळीवर, निळा डबा!" सालोमी ओरडली.

"उत्तरेकडे?"

"डावीकडे ओ, डावीकडे!"

घरात दूध नव्हतं. पाऊण तासाने सर बाहेर आले, कपाळाला चहाची भुकटी, हातात बत्तीस कपांची दोन ताटं. चहा कोरा होता, काढ्यासारखा कडू आणि पाकासारखा गोड. सगळा गाव तो प्यायला. जेम्स म्हणाला, दारू सुटायची असेल तर यानेच सुटेल. सालोमीने सावकाश, फुंकर घालत, कप तळापर्यंत रिकामा केला. मग ती खुर्चीत मागे टेकली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"आता सांगते," ती म्हणाली, "कस्टममध्ये काय झालं ते." आणि दोन तास तिने एकटीने सांगितलं. सर कप विसळत आतून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोमीने नेहमीसारखा गॅस पेटवला. शब्द पुरा झाला होता. त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सा सुटली, ओटी भरली, आणि बेसिल येऊन बसला. साध्याच कुठल्यातरी खुर्चीत. आरामखुर्चीत सालोमी होती. त्याने पाय पसरले, स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "सर, साखर जरा बेतानं!"

"दूध आहे आज," आतून उत्तर आलं.